खुंटीवरच्या किल्ल्या

आंजी (मोठी)
२१ ऑगस्ट १९५५

प्रिय यशोदा,

नेमणूक झाली की कळवीन असं तुला वसतिगृह सोडताना म्हणाले होते. उशीर झाला, कारण नेमणूक झाली की नाही हेच मला अजून नीट सांगता येत नाही. काम मिळालं आहे. कायम होणार ते दसऱ्यानंतर, तेही कोठी नीट चालली तर.

इथल्या सहकारी संस्थेने बियाण्यासाठी एक पक्की खोली बांधली आहे, तीच कोठी. घरात ठेवलेलं बियाणं सोंडे किडे खातात, आणि अडचण आली की माणसंही खातात, म्हणून ही सोय. खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या आहेत, एका घराला एक. चैतात लोकांनी त्यांत चना, गहू, जवस भरून वर निंबाचा पाला घातला. ते आता दसऱ्याच्या सुमाराला पेरणीसाठी बाहेर निघेल. प्रत्येक पेटीला वेगळं कुलूप. पेटीची किल्ली सभासदाजवळ, खोलीच्या दाराची माझ्याजवळ. माझ्याशिवाय सभासद आत येऊ शकत नाही आणि सभासदाशिवाय मी पेटी उघडू शकत नाही. जादा किल्ल्यांचा डबा माझ्या ताब्यात आहे, पण तो कुणाची किल्ली हरवली तरच उघडायचा.

मी येण्याआधी एकाच्या किल्लीने दुसऱ्याने पेटी उघडली म्हणून भांडण झालं होतं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मी एक नियम लिहून कमिटीपुढे ठेवला: सभासदाने आपली किल्ली आपल्याच जवळ ठेवावी, दुसऱ्याच्या हाती दिल्यास पेटी काढून घेण्यात येईल. अध्यक्ष बापूजी म्हणाले, "पोरगी मोठी कडक हाये!" आणि नियम मंजूर झाला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सेक्रेटरी रूपरावजींना मात्र त्यांच्या ओळखीचा माणूस इथे हवा होता. परवा ते ओट्यावर कुणाला तरी सांगत होते, मला ऐकू जाईल असं, "ज्यायच्या घराले कवाड नाई, त्यायच्या पोरीजवळ कोठीची किल्ली!" खोटं नाही ते. आमच्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, घराला बांबूची ताटी असते. कुलूप मी पहिल्यांदा वसतिगृहात पाहिलं, हे तुलाही माहीत आहे; तूच मला किल्ली कुठल्या अंगाने फिरवायची ते दाखवलं होतंस. पोळ्याला घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "एवढी कुलपं कोनापासून पोरी?"

दार लावल्यावर मी कुलूप ओढून पाहते. घरापर्यंत गेले की वाटतं, ओढून पाहिलं का? मग परत जाते. हसू नकोस.

आपल्या वर्गाचा फोटो तुझ्याकडे आहे ना? तू पाठवणार होतीस. तो भिंतीवर लावला तर माझ्या राहत्या खोलीत मला एकटं वाटणार नाही.

तुझी
जिजा


वडनेर
४ सप्टेंबर १९५५

कडक बाई जिजाबाईंना,

हसू नकोस म्हणालीस म्हणून पदर तोंडात धरून हसले. परीक्षेच्या वेळी पेपर दिल्यावर परत मागून नाव लिहिलं का ते बघणारी तूच ना? पेपर देताच बाहेर काढता यावं म्हणून बाईंनी शेवटी तुला दारापाशी बसवलं होतं!

इथे सगळं ठीक. घर मोठं, माणसं पुष्कळ, गोठा त्याहून मोठा. घरचे शेतावर असतात. सासूबाई करड्या आहेत पण जेवायला भरपूर वाढतात. मी लग्नात बारीक होते, आता मला पाहशील तर ओळखणार नाहीस.

फोटोचं काय सांगू, हातात काम धरलं की दिवस जातो. सवड झाली की काढून पाठवते. तू आपली त्या रूपरावांकडे लक्ष देऊ नको. तुझ्या हाती किल्ली आहे म्हणून त्यांचं पोट दुखतं, एवढंच.

नियम तुझा पाठ झाला मला. लोकांचा झाला का?

तुझी
यशोदा


आंजी (मोठी)
१८ सप्टेंबर १९५५

प्रिय यशोदा,

मला काय करावं ते समजत नाही. तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही.

खालच्या गल्लीच्या तोंडाशी रुख्माबाई नावाची म्हातारी राहते. तिचा पाय अधू आहे, म्हणून ती वावरात शेतकामाला जात नाही, दिवसभर ओसरीवर असते. काल ताक आणायला तिच्याकडे गेले. ओसरीच्या भिंतीत एक लाकडी खुंटी आहे. तिच्यावर किल्ल्यांचा हा घोस! गल्लीतली माणसं वावरात जाताना घराची किल्ली तिच्याजवळ देतात, हे मला माहीत होतं. पण त्या घोसात माझ्या किल्ल्या होत्या. संस्थेच्या, पितळी, वर पेटीचा नंबर ठोकलेल्या. एखाद-दुसरी नाही, सगळ्या गल्लीच्या.

मी विचारलं, "आजी, ह्या कोठीच्या किल्ल्या इथं कशा?"

"मंग कुठं राह्यतीन वो? वावरात नेऊन हरवाच्या काय?"

"पण किल्ली ज्याची त्यानं जवळ ठेवायची असा नियम आहे."

"धोतराले खिसा असते काय बाप्पा? अन् लुगड्याच्या काठाले बांधली तं निंदता निंदता कुठं पडन ते देवाले माहीत. हे खुंटी माह्या सासूच्या वक्तापासून हाये. तुहा नियम कधीपासून हाये?"

आणि ताकाचा लोटा माझ्या हातात देऊन वर म्हणते, "उभी काऊन राह्यली? बस, पायाले तेल लावून दे जरा."

मी तेल लावून दिलं आणि घरी येऊन रडले.

आता असं आहे. नियमाप्रमाणे मी ही गोष्ट कमिटीला कळवली पाहिजे. कळवली तर ऐन पेरणीच्या तोंडावर खालच्या गल्लीच्या सगळ्या पेट्या काढून घेतल्या जातील, आणि तो नियम माझ्याच हातचा आहे. नाही कळवली आणि उद्या कुणाचं बियाणं गेलं, तर रूपरावजी म्हणतील तेच खरं होईल. मग माझ्या मागून आमच्या टोल्यावरची कुणी मुलगी नोकरी मागायला आली तर तिला काय म्हणतील?

फोटोला सवड झाली नाही, समजले. मोठं घर मिळाल्यावर जुन्या गोष्टी मागे पडतात. मी पुन्हा मागणार नाही.

जिजा


वडनेर
२५ सप्टेंबर १९५५

जिजे,

शेवटच्या ओळी वाचून मी आधी चिडले आणि मग गोठ्यात जाऊन बसले. आता खरं सांगते.

फोटो माझ्या पेटीत आहे. माझी पेटी, जी तू आणि मी मिळून बाजारातून आणली होती. तिची किल्ली सासूबाईंच्या कमरेला आहे. आले त्याच दिवशी त्यांनी मागितली आणि मी दिली. इथे सगळ्या सुनांच्या पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्याच जवळ असतात. मॅट्रिकपर्यंत शिकलेली सून, आणि आपली पेटी उघडायला विचारावं लागतं, हे तुला लिहायची लाज वाटली. म्हणून सवड नाही असं लिहिलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदा धीर करून विचारलं, "माझी किल्ली तुमच्याजवळ का?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थोरलीचे पैंजण हरवले तवा समद्यायनं मधलीचं नाव घेतलं. तवापासून किल्ल्या माह्याजवळ. आता काही गेलं तं मी चोर, सुना नाई." मला वाटत होतं किल्ली नेली म्हणजे पेटी नेली. त्यांना वाटत होतं किल्ली ठेवली म्हणजे मला राखलं. दोघींचंही पूर्ण खरं नसेल. पण मागितल्यावर त्या देतात का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मागितलीच नव्हती.

म्हणून तुला सांगते. म्हातारीजवळ किल्ल्या आहेत एवढंच पाहून कळवू नको. ती त्या कुणाला देते आणि कुणाला देत नाही, ते जाऊन बघ. तेल लावायचं निमित्त आहेच तुला!

तुझीच
यशोदा


आंजी (मोठी)
६ ऑक्टोबर १९५५

प्रिय यशोदा,

मला माफ कर. तुझ्या पत्राचं उत्तर आधी द्यायचं होतं, पण इथे रोज काहीतरी घडतं आहे.

तू सांगितलंस तसं केलं. सकाळी आणि दिवस कलताना रुख्माबाईच्या ओसरीवर बसू लागले. ती किल्ली फक्त ज्या त्या घरच्या माणसाला देते. एका घरचा जावई आला, "किल्ली दे आजी, मी घरचाच हाओ." तिने सांगितलं, "तू जेवाले घरचा. किल्लीले सासूले पाठव." अगदी देवासारखी आहे असं मात्र नाही. नव्या सुना आल्या की त्यांच्याकडून वेणी घालून घेते, पाय दाबून घेते, तोवर किल्ली खुंटीवरच. एका सुनेचं लेकरू बंद दारापुढे रडत होतं, तरी हिची वेणी पुरी व्हायची होती. मला राग आला.

मग परवा तानबा आला. तानबा म्हणजे त्याच गल्लीतल्या देवकाबाईचा नवरा. भला माणूस आहे, पण बैलांच्या शर्यतीचं, शंकरपटाचं वेड. शर्यतीचा एक बैल कुठेतरी पाहून आला आहे आणि तेव्हापासून जेवताना, झोपताना बैलच. म्हणाला, "बुढे, कोठीची किल्ली दे."

"देवकाले पाठव."

"पेटी माह्या नावाची हाये!"

"चना कोनं निवडला? कोनं राख लावून वायवला? बैलानं?"

ओसरीवरच्या सगळ्या बाया हसल्या. तानबा तणतणत रूपरावजींकडे गेला. आणि रूपरावजी त्याला घेऊन माझ्याकडे आले. जादा किल्लीने तानबाची पेटी उघडून दे म्हणाले. पेटी खरंच तानबाच्या नावाची आहे, यशोदा. हक्क त्याचाच आहे. पण बैलासाठी तो चना विकला गेला तर देवकाबाईच्या वावरात काय पडणार?

मी म्हटलं, "जादा किल्ली हरवली असेल तरच काढता येते. किल्ली हरवली असं लिहून द्या."

तानबा म्हणाला, "हरवली नाई ना बाई, खुंटीवर हाये."

रूपरावजी म्हणाले, "अबे, हरवली म्हणून दे ना लिहून!"

"खोटं काऊन लिहू जी? बुढी गावभर सांगन, तानबा खोटा हाये म्हणून. मंग मले पटात कोन उभं करन?"

त्यामुळे पेटी बंद राहिली. पण आता रूपरावजींना खुंटी कळली आहे. त्यांनी कमिटीची सभा बोलावली आहे. माझा नियम वाचून दाखवणार आणि खालच्या गल्लीच्या पेट्या काढायला मलाच सांगणार. आणि मी हे पाहून गप्प का बसले, हेही विचारतील.

तुझी
जिजा


वडनेर
१४ ऑक्टोबर १९५५

जिजा,

हे कार्ड घाईने. सभेचं काय झालं? चार ओळी तरी टाक. माझ्या सांगण्यावरून तू थांबलीस आणि त्याचाच ठपका तुझ्यावर आला, हे मनातून जात नाही. नोकरी गेली तर सरळ इथे ये. सासूबाईंना सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "येऊ दे. तिच्या पेटीले कुलूप हाये काय?" हसत होत्या की काय ते कळलं नाही.

यशोदा


आंजी (मोठी)
२० ऑक्टोबर १९५५

प्रिय यशोदा,

सभा झाली. तुझं कार्ड आलं तेव्हा मी तुला लिहायलाच बसले होते. बसते आणि उठते, असं चाललं होतं.

सभा कोठीच्या ओट्यावर भरली. कमिटीची माणसं सतरंजीवर, खालची गल्ली समोर उभी, बाया कडुनिंबाखाली. रुख्माबाईला दोघांनी खाटेवर बसवून आणलं होतं. ती घोस मांडीवर घेऊन बसली होती.

रूपरावजींनी माझा नियम वाचला. सावकाश, एकेक शब्द. माझंच अक्षर त्यांच्या हातात होतं. मग म्हणाले, "नियम बाईचा, मोडला गल्लीनं. बाईनं पेट्या काढाव्या. अन् बाईले माहीत असून बोलली नाई, त्याचाही विचार व्हावा."

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. "बोल पोरी."

मी उभी राहिले. म्हटलं, "मला माहीत होतं. कळवायला हवं होतं, पण आधी पाहावं असं वाटलं. पाहिल्यावर कळलं की नियम चुकीचा आहे. किल्ली आपल्याच जवळ ठेवायची, तर वावरात जाणाऱ्याने कुठे ठेवायची, हे मी विचारलंच नव्हतं. ज्याच्या घरी दिवसभर कुणीतरी माणूस असतं, त्यालाच हा नियम पाळता येतो."

"ज्याले पाळता येते तो पाळते," रूपरावजी म्हणाले. "आमी नाई पाळत काय?"

बापूजी पान लावत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रूपराव, तुही किल्ली कुठं हाये?"

रूपरावजींचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "घरी हाये. घरच्यायजवळ."

"मंजे दुसऱ्याच्या हाती."

"बायको दुसरी होते काय बापूजी?"

"सभासद तं तू हायेस ना? नियमात बायको लिवली हाये काय, बाई?"

मी म्हटलं, "नाही जी." खरंच नव्हती लिहिली. मला सुचलीच नव्हती.

"मंग तुही पेटी गेली," बापूजी म्हणाले. "अन् माही बी गेली, मी तं सुनेजवळ देतो. आता कोठीत राह्यलं कोन? सोंडे?"

आधी निंबाखालून हसू आलं, मग सगळीकडून. रूपरावजी हसले नाहीत. पण नियमाचा कागद त्यांनी घडी करून खाली ठेवला.

मग मी जे मनात योजलं होतं ते सांगितलं. प्रत्येक पेटीवर दोन नावं असावीत, घरधन्याची आणि घरधनिणीची. जिथे एकच आहे तिथे त्या घराने दुसरं सांगावं. पेरणीच्या वेळी दोघांपैकी कुणीही एकाने यावं. पेरणीशिवाय बियाणं काढायचं असेल तर दोघांनी मिळून यावं. किल्ली खुंटीवर ठेवायची असेल तर ठेवावी, पण मला तसं सांगून. आणि खुंटी राखणाऱ्याने त्या दोघांपैकी कुणालाही किल्ली नाकारायची नाही, उशीरही करायचा नाही. पेरणीशिवाय एकटा आला तर मी आहे ना दाराशी, मी बघेन.

रुख्माबाई खाटेवरून ओरडली, "मंजे माह्या वेणीचं काय?"

"वेणी मी घालून देईन, आजी. सुनांना थांबवू नका."

"तुहा हात जड हाये," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

रूपरावजी म्हणाले, "दोन नावं मंजे दोन भांडणं." बापूजी म्हणाले, "एका नावाचं तं पाह्यलं आपन. आता दोनाचं पाहू." हात वर झाले. रूपरावजींचा सगळ्यांत शेवटी झाला, पण झाला.

तानबा मागून विचारतो, "मंग माह्या बैलाचं कसं?"

देवकाबाई निंबाखाली होती. पदर सारखा करून म्हणाली, "चना उगवू द्या पह्यले. मंग दोघं जाऊ बैल पाहाले. मले बी पाहू द्या कसा हाये तो, घरात रातदिवस त्याचंच नाव आयकून राह्यली मी."

माझ्या नेमणुकीचं कुणीच बोललं नाही. दसरा व्हायचा आहे. पण उद्यापासून पेरणीसाठी पेट्या उघडायच्या आहेत आणि खालच्या गल्लीची एकही पेटी गेलेली नाही. आज कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि सरळ घरी आले.

तुझी
जिजा


वडनेर
१ नोव्हेंबर १९५५

जिजे माय,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं. बापूजींनी रूपरावांना किल्ली विचारली तिथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. दिवाबत्ती झाल्यावर कमरेचा जुडगा सोडला, माझी किल्ली काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "एक तुह्याजवळ ठेव. दुसरी करवून मी ठेवतो. दोन नावं."

सोबत फोटो आहे. तू दुसऱ्या रांगेत, दारापाशी, डोळे मोठे करून. फोटो नीट निघेल ना, अशी काळजी करत होतीस त्या वेळी.

दसरा झाला. कळव.

तुझी
यशोदा


आंजी (मोठी)
९ नोव्हेंबर १९५५

प्रिय यशोदा,

फोटो भिंतीवर लावला आहे. देवकाबाईने येऊन सगळ्यांची नावं विचारली. तुझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे तं बारीक हाये." मी म्हटलं, आता नाही.

पेरणी आटोपली. तानबा आणि देवकाबाई दोघं मिळून आले होते, खरं तर एकाने येऊनही चाललं असतं. किल्ली तिच्या हातात होती, पोतं त्याच्या खांद्यावर. त्यांच्या वावराच्या काकरात चना वर आला आहे, मी परवा जाऊन पाहिला. दसऱ्याला रूपरावजींनी मला आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, "कागद दिवायीनंतर घेजो. कायम." घरी आल्यावर पान पुस्तकात ठेवलं.

उद्या दिवाळीला घरी जाते आहे. मी नसताना कोठी कुणी पाहायची, हे कमिटीला आधीच विचारलं होतं. त्यांनी देवकाबाईचं नाव मंजूर केलं. पण ती आज माहेरी गेली आहे, उद्या संध्याकाळी येईल, आणि माझी मोटार सकाळची. तेव्हा दाराची किल्ली द्यायची कुणाजवळ?

आज दुपारी रुख्माबाईकडे गेले. कमरेची किल्ली सोडली. इतके दिवस ती अंघोळीलासुद्धा सोडली नव्हती. खुंटीपाशी उभी राहिले, हात पुढे होईना.

"टांग ना," रुख्माबाई म्हणाली. "खाऊन नाई टाकत मी."

मी टांगली. सगळ्या किल्ल्यांत ती वेगळी दिसत होती, थोडी मोठी. मग तिने मला विचारलं, जसं ती वावरात जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कोनाले द्याची?"

यशोदा, बाबांच्या घराला ताटी आहे. किल्ली कुणाला द्यायची, हे आमच्याकडे कधी कुणी कुणाला विचारलेलं नाही.

"देवकाबाईला," मी म्हटलं. "तिच्याशिवाय कुणाला नाही. रूपरावजी आले तरी नाही."

"अन् तू आली तं?"

"मी आले तर मला."

"बरं," ती म्हणाली, आणि अधू पाय पुढे केला. "मंग बस आता."

मी तेलाची वाटी घेतली.

तुझी
जिजा